पोपट बंद करा, मला माझं पान बघायचंय

टिळक रोडवर लॅपटॉप विकायला लागून बरीच वर्षं झाली, पण स्क्रीनवर काही वाचून बघणारं गिऱ्हाईक त्या दिवशी पहिल्यांदा भेटलं. बाकीचे नुसते बघतात. आम्ही त्यांच्यासाठी लावलेलंच असतं: काळ्या पार्श्वभूमीवर उधळणारे रंग, एखादा पोपट, ब्राइटनेस फुल्ल. त्या व्हिडिओत तीस हजारांचा लॅपटॉपही झकास दिसतो. कंपनी तो पाठवते त्याचसाठी.

२०२३चा जुलै. इंजिनिअरिंगच्या प्रवेशांचा हंगाम, म्हणजे दिवसभर एकच प्रश्न: ग्राफिक्स कार्ड किती जीबीचं? कार्ड म्हणजे गेम आणि थ्रीडी कामांसाठीचा वेगळा भाग; त्याची ताकद नुसत्या जीबीवर मोजत नाहीत. त्याच नावाचं कार्ड एका लॅपटॉपमध्ये जास्त वॅटवर चालवतात, दुसऱ्यात कमी वॅटवर, आणि कामात चांगलाच फरक पडतो. काउंटरवर हे समजावणं मी सोडून दिलंय. यूट्यूबवर कोणीतरी सांगितलेलं असतं, त्यापुढे आमचं काय चालणार.

तर सत्तरीतले एक काका आणि त्यांचा नातू आले. नातू कॉम्प्युटरला जाणार होता. बजेट साठ हजार, घरात लॅपटॉप एकच: सकाळी काकांचा, संध्याकाळी पोराचा. काका मुद्रितशोधक. आयुष्य छापखान्यात आणि प्रकाशकांकडे गेलेलं, आता प्रुफं पीडीएफ होऊन मेलवर येतात. त्यांनी खिशातून पेनड्राइव्ह काढला. डेमोच्या मशिनला बाहेरचा पेनड्राइव्ह लावायचा नाही असा आमच्याकडे नियम आहे. मी लावू दिला.

"जरा तुमचा पोपट बंद करा, मला माझं पान बघायचंय."

पहिलं मशिन सगळ्यात स्वस्त: १५.६ इंच, १३६६ बाय ७६८ ठिपके. काका वाकले, चष्मा कपाळावर सारला, आणि एका ओळीवर बोट ठेवून मला विचारलं, "हे 'वर्षांनी' आहे की 'वर्षानी'?"

मी बघितलं. मला सांगता येईना. रफार आणि अनुस्वार मिळून शिरोरेषेच्या वर एक करडा डाग झाला होता.

मशिनमध्ये बिघाड नव्हता. १५.६ इंचावर ७६८ म्हणजे एका इंचात साधारण १०० ठिपके. विंडोजच्या १०० टक्के मापाला ११ पॉइंटचं अक्षर जेमतेम १५ ठिपके उंच, आणि त्या पंधरांतच वरची वेलांटी, रफार, अनुस्वार, खालचा उकार, सगळं कोंबायचं. रोमन अक्षरांचं यात निभावून जातं. शिवाय जुन्या प्रोग्रॅममधलं क्लिअरटाइप, म्हणजे विंडोजची अक्षरांच्या कडा सुधारायची सोय, अक्षरं गुळगुळीत करतं ते आडव्या दिशेला. आपल्या लिपीची सगळी गर्दी उभ्या दिशेला, शिरोरेषेच्या वर आणि पायाखाली. झूम केलं की अनुस्वार सुटा दिसतो, पण मग ७६८च्या उंचीत वरच्या पट्ट्या आणि खालचा टास्कबार वजा जाता पानाच्या मोजक्याच ओळी उरतात. हे मशिन आम्ही 'ऑफिस आणि ऑनलाइन क्लाससाठी उत्तम' म्हणून विकत होतो.

दुसरं मशिन १४ इंची, १९२० बाय १२००, आयपीएस पॅनेल (बाजूने बघितलं तरी रंग न बिघडणारं), वेगळं कार्ड नाही. इंचात १६२ ठिपके, म्हणजे तेवढ्याच जागेत अडीच पटींहून जास्त. १०० टक्क्यांवर अक्षरं मुंग्यांएवढी झाली, म्हणून १५० टक्के केलं. काकांनी पान वरपासून खालपर्यंत वाचलं. खरंच वाचलं, मागे दोन गिऱ्हाइकं ताटकळत असताना. मध्येच "ही माझी राहिलेली चूक" असं पुटपुटून खिशातल्या कागदावर काहीतरी टिपलं.

मग नातवाचं मशिन. १५.६ इंच, १९२० बाय १०८०, १४४ हर्ट्झ (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारी स्क्रीन), आरटीएक्स २०५० हे ४ जीबीचं कार्ड. इंचात १४१ ठिपके, तेव्हा अक्षर स्पष्टच होतं. पण पॅनेल २५० निट्सचं, म्हणजे उजेड कमी, आणि रंग ४५ टक्के एनटीएससी, म्हणजे फिके. बॉक्सवर ठळक 'एफएचडी' असतं, ते नुसतं ठिपक्यांची संख्या सांगतं. निट्स आणि रंगांचे आकडे कंपनीच्या साइटवर खोलात जाऊन शोधावे लागतात, तेही दिलेले असले तर. स्वस्त गेमिंग लॅपटॉपमध्ये कार्डाचा खर्च भरून काढतात तो बऱ्याचदा इथे. काका म्हणाले, "अक्षर चांगलंय, कागद मळकट आहे."

नंतर त्यांनी विचारलं, "हे कार्ड अक्षराला काही मदत करतं का?"

नाही करत. वाचताना, टाइप करताना स्क्रीन चालवतं ते प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स, कार्ड झोपलेलं असतं. फोर-के व्हिडिओ उलगडायचं कामही प्रोसेसरच्या बाजूचं वेगळं सर्किट करतं. हे मी जसंच्या तसं सांगितलं. पलीकडे उभ्या असलेल्या कंपनीच्या प्रमोटरने माझ्याकडे असं बघितलं की विचारू नका. त्याचा इन्सेंटिव्ह कार्डवाल्या मॉडेलवर होता.

इथे गोष्ट सोपी झाली असती, पण पोरगं हुशार निघालं. म्हणालं, "आजोबा, त्या चौदा इंचीची रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली आहे. आठ जीबी म्हणजे आठच. यात दुसरा स्लॉट मोकळा आहे."

खरं होतं. आठ जीबीवर पुढची चार वर्षं काढायची म्हणजे तिसऱ्या वर्षाला अँड्रॉइड स्टुडिओ (मोबाइल ॲप बनवायचा प्रोग्रॅम) उघडला की मशिन धापा टाकणार. माझा राग इथे आहे. चांगली स्क्रीन, साधं ग्राफिक्स आणि वाढवता येणारी रॅम, बऱ्याच घरांना एवढंच लागतं. साठ हजारांत त्या दिवशी आमच्या दुकानात तसं एकही मशिन नव्हतं. चांगलं पॅनेल हवं तर रॅम डकवलेली घ्या, स्लॉट हवा तर नको असलेलं कार्ड आणि मळकट कागद घ्या. सोळा जीबीवालं चौदा इंची होतं, आठ हजारांनी महाग. मी ते दाखवलं. काकांनी किंमत वाचली आणि झाकण मिटलं.

तेवढ्यात मालक आले. कार्डवाल्या मशिनवर तीन हजार सूट, बॅग आणि माउस फ्री. स्टॉक जुना होत होता हे मला माहीत होतं.

काकांनी तेच घेतलं. सूट मिळाली म्हणून नव्हे, असं मला वाटतं. नातवाचा मुद्दा त्यांना पटला होता, आणि पटलेल्या मुद्द्यापुढे ते स्वतःचा हट्ट धरणाऱ्यांतले नव्हते. नातवाने मात्र एकदाही म्हटलं नाही की आजोबा, तुम्हाला कुठलं वाचायला बरं वाटलं? सतराअठराचं पोर, त्याला काय बोलायचं. पण मालकांनी तरी विचारायला हवं होतं.

मी १२५ टक्क्यांवर अक्षरं बसवून दिली, क्लिअरटाइपची तपासणी त्यांच्याच डोळ्यांनी करून घेतली, बॅटरीवर १४४चे ६० हर्ट्झ केले, पार्श्वभूमी थोडी पिवळसर केली. पुढेमागे जमलं तर एक वेगळा आयपीएस मॉनिटर घ्या, म्हणूनही सांगितलं. त्यांनी सगळं कागदावर लिहून घेतलं.

ते गेल्यावर मी मालकांना म्हटलं, डेमोत व्हिडिओसोबत एक मराठी पान ठेवू या. मालक म्हणाले, "गिऱ्हाईक वाचत बसलं तर विकायचं कधी?"

तरी मी एक पान टाइप केलं. 'वर्षांनी', 'सर्वांना', 'मार्गांवर' असले शब्द भरून, ११ पॉइंटमध्ये. सगळ्या मशिनच्या डेस्कटॉपवर टाकलं. प्रमोटर आला की पहिल्यांदा ते उडवतो. मी परत टाकतो.