डावं पुढचं चाक

गाडी धुवायला आली की आम्ही आधी चाकं धुतो. बाहेरच्या माणसाला वाटतं, वरून सुरुवात करून खाली यावं. पण चाकातला काळा राडा प्रेशर गनने उडतो आणि दारांवर जाऊन बसतो, म्हणून चाकं पहिली. चाकांची बादली वेगळी, ब्रश वेगळा, फडकं वेगळं. ते फडकं चुकून बॉनेटवर फिरलं, तर त्यात अडकलेले लोखंडाचे कण रंगावर जाळीसारखे ओरखडे काढतात. नव्या पोराला हे पहिल्याच दिवशी सांगतो. तो दुसऱ्या दिवशी विसरतो.

काका आमचे जुने गिऱ्हाईक. निवृत्त, काटकसरी, गाडी स्वच्छ ठेवणारे. त्या दिवशी लांबचा प्रवास करून थेट आमच्याकडे आले आणि उतरता उतरताच म्हणाले, "अरे, तुमच्या लोकांना एक चाक नीट धुता येत नाही का? दोन दिवसांत परत काळं!"

डावीकडचं पुढचं चाक खरोखर काळं होतं. काजळी धरावी तसं. त्यात भर म्हणून अलॉयच्या चाकावर पांढुरके चट्टे होते आणि नटांच्या कडेला लॅकरखाली, म्हणजे सगळ्यात वरच्या पारदर्शक थराखाली, धाग्यांसारख्या रेषा सरकलेल्या दिसत होत्या.

"काका, यावर काय टाकलंत?"

"संडास साफ करायचं लिक्विड. व्हिडिओत दाखवलं होतं. फरशी लख्ख होते, मग चाक का नाही होणार?"

हे लिक्विड वापरणारे काका एकटे नाहीत, आणि या व्हिडिओवाल्यांवर माझा फार राग आहे. व्हिडिओ दोन मिनिटांचा, त्यात चाक चमकतं आणि संपतं. महिन्याभराने त्याच चाकाचं काय झालं, ते कोणी दाखवत नाही. त्या बाटलीत बहुतेक वेळा हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. अलॉय म्हणजे ॲल्युमिनियमचा मिश्रधातू, त्यावर रंग, त्यावर पारदर्शक लॅकर. लॅकर शाबूत असेल तोवर निभावतं. पण खडा लागून टवका उडालेला असला, की ॲसिड तिथून थेट धातूवर जातं, आणि मग गंजाची रेष लॅकरच्या खालून पुढे पुढे जाते. वरून कितीही घासा, ती जात नाही. नटांवरचा जस्ताचा थर उतरतो, ब्रेकची डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी, तांबूस होते. आणि कोणी हुशारी करून त्याच बादलीत ब्लीच ओतलं, तर क्लोरीन वायू सुटतो. तेव्हा चाक राहूदे, माणूस सांभाळावा लागतो.

काळेपणा मुळात असतो कसला? लोकांना वाटतं, रस्त्याची धूळ. रस्त्याची धूळ पाण्याने जाते. चाकावरचा काळा थर बराचसा ब्रेकचा असतो: डिस्कला दाबून धरणारे पॅड झिजून निघालेली भुकटी आणि ओतीव लोखंडाच्या डिस्कचे बारीक कण. ते गरम असतानाच उडतात, लॅकरवर चिकटतात, ओल लागली की तिथेच गंजतात. मग ते तपकिरी ठिपके नखानेही निघत नाहीत. पुढच्या ब्रेकवर भार जास्त पडतो म्हणून पुढची चाकं जास्त काळी. मागे डिस्कऐवजी बंद ड्रमचे ब्रेक असतील, तर भुकटी बरीचशी ड्रमच्या आतच राहते. इलेक्ट्रिक गाड्यांची चाकं त्यामानाने स्वच्छ असतात, कारण वेग कमी करायचं बरंचसं काम मोटर करते. युरोपच्या गाड्यांच्या प्रदूषणाच्या यूरो 7 नियमांत तर आता धुरासारखीच ब्रेकच्या भुकटीवरही मर्यादा घातली आहे. म्हणजे आम्ही रोज हातांवर घेतो ती चीज अगदीच साधी नाही.

याला स्वस्त उपाय आहे आणि तो इतका साधा आहे, की तो विकता येत नाही. गाडीचा शाम्पू, पाणी आणि रंगाचा जुना मऊ ब्रश. ब्रशच्या लोखंडी पट्टीवर चिकटपट्टी गुंडाळायची, नाहीतर ती पट्टीच अलॉय खरवडते. नटांच्या खोबणीला जुना दातांचा ब्रश. आऱ्यांच्या मागे घालायला हातावर जुना मोजा चढवायचा, पण आतल्या कडेला चाकाचा तोल साधायला चिकटवलेली वजनं निघणार नाहीत एवढं बघायचं. ती पडली की वेगात स्टिअरिंग थरथरतं आणि माणूस टायरवाल्याला शिव्या देतो. धुऊन वाळलं, की साधं मेण चोळायचं. पुढच्या वेळी निम्मी भुकटी नुसत्या पाण्याने जाते. आणि टायरांची अदलाबदल करायला चाकं उतरतातच, तेव्हा ती आतून पुसून घ्यायची. फुकटचं काम. तपकिरी ठिपके बसलेच असतील, तर लोखंड विरघळवणारा क्लीनर घ्यावा. तो लोखंडाला लागला की जांभळा होऊन ओघळतो आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो. पण तो वर्षातून एक-दोनदा. दर आठवड्याला साबण-पाणी लावणाऱ्याला त्याची गरज क्वचितच पडते.

हे सगळं मी काकांना सांगणार होतो. त्याआधी मी हात पुढे केला, तो केवळ सवयीने. तापलेल्या चाकावर पाणी मारायचं नाही, क्लीनर तर अजिबात नाही, तो जागीच वाळून डाग पडतो. म्हणून हाताची मागची बाजू चाकाजवळ नेऊन बघायची. उजवं पुढचं कोमट होतं. डाव्याजवळ हात ठेववेना.

"काका, गाडी एका बाजूला ओढते का?"

"जरा डावीकडे जाते. पण रस्तेच तसे आहेत."

"ॲव्हरेज?"

काकांनी डॅशबोर्डच्या कप्प्यातून वही काढली. प्रत्येक वेळी भरलेलं पेट्रोल आणि किलोमीटर, सुबक अक्षरांत. आकडे हळूहळू उतरत गेलेले. काकांचा निष्कर्ष असा, की पंपवाले मापात मारतात.

गाडी थंड होऊ दिली, जॅक लावला. उजवं चाक हाताने ढकललं की फिरत राहत होतं. डावं सोडलं तिथे थांबत होतं. ब्रेक धरून बसला होता.

मेकॅनिकने चाक उतरवलं. कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, दोन पिनांवर सरकतो. ब्रेक सोडला की त्याने मोकळं व्हायचं असतं. खालच्या पिनचं रबरी बूट, म्हणजे पाणी आत जाऊ न देणारं आवरण, फाटलं होतं, पिन गंजून जाम. आतल्या पॅडचं मटेरियल जवळपास संपून त्यामागचा पत्रा डिस्कला टेकायच्या बेतात आला होता. म्हणजे ते चाक काळं होत नव्हतं, ब्रेक रात्रंदिवस त्यावर भुकटी ओतत होता.

मला अस्वस्थ करतात त्या गोष्टी इथून सुरू होतात. आमच्याकडे ती गाडी नेहमी एकच माणूस धुतो, आमच्यातला सगळ्यात चांगला हात. ते चाक जास्त काळं असतं हे त्याला माहीत होतं. म्हणून तो त्यावर जास्त वेळ घालवायचा आणि ते इतरांसारखंच करून द्यायचा. त्याने कामात कुचराई केली असती, तर काका कधीच ओरडले असते. मी हे त्याला बोललो तर म्हणाला, "आपलं काम धुवायचं. चाक का मळलं, ते मेकॅनिक बघेल." पण धुतल्यावर मेकॅनिकला दिसणार काय?

मालकांचा सल्ला याहून भारी होता. तक्रार ऐकल्या ऐकल्या ते म्हणाले, चारही चाकांना सिरॅमिक कोटिंग, म्हणजे मळ चिकटू न देणारा थर, मारून द्या, काळं बसणारच नाही. कोटिंग वाईट नसतं, मी स्वतः करतो. पण त्या चाकावर ते बसवलं असतं, तर भुकटी पाण्यासरशी निघून गेली असती, काका खूश झाले असते आणि तो पॅड तसाच झिजत राहिला असता.

मग बूट फाटलं कशाने? मेकॅनिक म्हणाला, ॲसिडने. मला पटत नाही. काकांनी लिक्विड ओतलं ते चाक काळं पडायला लागल्यावर. पिन आधीच अडकत असणार. ॲसिड आत गेलं असेल तर त्याने गंज वाढवला असेल, सुरुवात केली नसेल. रबर वयानेही तडकतं, हे खरं. पण तिसरी शक्यता कोणी बोललं नाही. आम्ही प्रेशर गन आऱ्यांमधून आत रोखतो, कारण तिथली काजळी तशीच पटकन निघते. तो झोत त्या बोटभर रबराच्या कडेतून पाणी आत ढकलू शकतो. आणि जास्त काळ्या चाकावर गन जास्त वेळ राहते.

मी मालकांकडे हा विषय काढला. ते म्हणाले, एवढ्या गाड्या धुतो, बाकीच्यांचे ब्रेक कुठे जाम झाले? याला माझ्याकडे उत्तर नाही, कारण बाकीच्या कोणाचं चाक उतरवून आम्ही बघितलेलं नाही. तेव्हापासून मी गन लांब धरतो, आतली काजळी ब्रशने काढतो, आणि पाणी मारण्याआधी चारही चाकांचा फोटो काढतो. एका गाडीला जास्त वेळ लागतो आणि त्यावरून रोज बोलणी खातो.

काका आता चाकं घरीच धुतात, शाम्पूने. बॉडीसाठी आमच्याकडे येतात आणि "चाकांना हात लावू नका" असं बजावून बाकावर पेपर वाचत बसतात. चट्टे तसेच आहेत. अलॉय नव्याने रंगवून घ्यायला ते तयार नाहीत. वहीतले आकडे परत वर गेलेत, तरी पंपवाल्यांवरचा संशय त्यांनी सोडलेला नाही.