आवाजांचे मालक

परवा दुपारी खिडकीशी बसून मी काही मुद्रिते तपासत होतो. बाहेरच्या रस्त्यावरून एक सायकल गेली. मान वर न करता मी मनाशी म्हणालो, 'आज पोस्टमन लवकर निघाला,' आणि पुढच्या ओळीला लागलो. पाच-सात ओळी झाल्यावर पेन्सिल थांबली. सायकल पोस्टमनचीच होती, हे मला कोणी सांगितले? घंटी वाजली नव्हती, हाक आली नव्हती, आणि त्या खिडकीतून मला समोरच्या भिंतीचा वरचा भाग तेवढा दिसतो. मग तो आवाज पुन्हा आठवून पाहिला, तेव्हा लक्षात आले की त्या सायकलच्या मागच्या चाकावरचा मडगार्ड थोडा वाकलेला आहे आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला तो टायरला एकदा घासतो. खस्, मग क्षणभर काही नाही, मग पुन्हा खस्. चढ लागला की मधले अंतर वाढते. उतारावर सगळे खस् एकमेकांना चिकटतात. हे मी कधी शिकलो, कोणास ठाऊक. मुद्दाम तर नक्कीच नाही.

या लहानशा गावात राहायला येऊन मला सहा वर्षे झाली. खेडे म्हणावे तर थोडे मोठे आणि शहर म्हणावे तर हसू यावे, अशा मापाचे हे ठिकाण आहे. घरे संपली की लगेच शेते सुरू होतात, मुख्य रस्ता एकच आहे, आणि दुपारी दोन ते चार या वेळात त्याच्यावर सावल्यांखेरीज काही हलत नाही. येणारा प्रत्येक पाहुणा पहिल्या अर्ध्या तासातच "किती शांत आहे हो तुमच्याकडे!" असे म्हणतो. हे वाक्य मला का कोण जाणे टोचते. पूर्वी मी नुसती मान डोलवत असे, आता वाद घालतो. शांत कुठे आहे, जरा ऐका तरी, असे म्हटल्यावर पाहुणा सभ्यपणे कान टवकारल्यासारखे करतो, त्याला काहीही ऐकू येत नाही, आणि थोड्या वेळाने तो खिशातून मोबाइल काढून त्याच्यावर काहीतरी लावतो. ज्या शांततेचे त्याने आत्ताच कौतुक केलेले असते, ती त्याला दहा मिनिटेही सोसवत नाही.

खरे पाहता येथे आवाज कमी नाहीत. फरक इतकाच की येथे आवाज एकेकटे येतात. दोन घरे सोडून असलेल्या फाटकाची कडी पडते, ती पडून विरते, आणि मग कुठे दूरवर कुत्रा भुंकतो. एकाने दुसऱ्याच्या पायावर पाय द्यायचा नाही, असा जणू त्यांच्यात करारच झालेला आहे. आर. मरे शेफर या कॅनडातल्या संगीतकाराने 1960च्या दशकाच्या अखेरीस माणसाच्या भोवतालच्या ध्वनींचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला होता. ध्वनिमुद्रणाच्या धंद्यातला 'हाय-फाय' हा शब्द उचलून त्याने तो सरळ परिसराला लावला. जेथे पार्श्वभूमीचा गोंगाट इतका कमी असतो की प्रत्येक आवाज सुटा आणि स्वच्छ ऐकू येतो, जवळचे जवळून आणि लांबचे लांबून आले असे कळते, तो परिसर हाय-फाय. आणि जेथे सगळ्या आवाजांचा एकच लगदा होऊन कशालाच अंतर उरत नाही, तो लो-फाय. शहरापेक्षा खेडे आणि दिवसापेक्षा रात्र अधिक हाय-फाय, असे त्याचे म्हणणे होते. मी ते माझ्यापुरते असे करून घेतले आहे की येथे प्रत्येक आवाजाला मालक असतो. फाटकाची तीच कडी मास्तर टाकतात तेव्हा अगदी टिचकीसारखी वाजते, कारण त्यांना ती हाताने धरून खाली ठेवण्याची सवय आहे. त्यांचा मुलगा ती वरूनच सोडून देतो आणि ती दोनदा उडते. मास्तर घरी आले की मुलगा, हे मला भिंतीआडूनही सांगता येते. सांगून कोणाचा काही फायदा नाही, तो भाग वेगळा.

मी आलो तेव्हाची गोष्ट मात्र निराळी होती. शेजारी एक आजी राहतात. त्यांच्याशी मी कुंपणावरून पहिल्यांदा बोललो, तेव्हा त्यांनी माझे सगळे ऐकून घेतले आणि शेवटी शांतपणे म्हणाल्या, "अरे, मी इथंच उभी आहे. नदीच्या पलीकडं नाही." मी ओशाळलो. पुढे कधीतरी वाचनात आले की एत्येन लोंबार या फ्रेंच कानतज्ज्ञाने 1911 साली हेच नोंदवून ठेवले आहे: गोंगाटात माणूस आपसूक आवाज चढवून बोलतो, आणि आपण चढवला आहे हे त्याला जाणवतही नाही. नेदरलँड्समधल्या लायडन शहरातल्या 'ग्रेट टिट' या चिमणीएवढ्या, बल्गुलीवर्गीय पक्ष्यांबद्दलही 2003 साली असेच आढळले, की जेथे रहदारीचा खालच्या पट्टीतला गोंगाट फार, तेथले नर आपल्या गाण्याची खालची पट्टीच वर उचलतात. पक्ष्याने हे करावे यात शहाणपण आहे. पण माझ्या बाबतीत गोंगाट मागे राहून गेला, तरी चढलेली पट्टी खाली यायला तीन महिने लागले. त्या तीन महिन्यांत माझे फोनवरचे सगळे व्यवहार आजूबाजूच्या चार घरांना तोंडपाठ झाले असणार. त्यांनी तसे कधी दाखवले नाही, एवढा त्यांचा चांगुलपणा.

रात्रीचे ऐकणे आणखी वेगळे. स्टेशन येथून सात-आठ किलोमीटरवर आहे आणि दिवसा गाडी ऐकू येत नाही म्हणजे येत नाही. पण निरभ्र, वारा पडलेल्या रात्री ती अशी येते, की रूळ परसातून गेले असावेत. यात गूढ काही नाही. अशा रात्री जमीन लवकर निवते, तिला टेकलेली हवाही गार होते आणि तिच्यावरची हवा त्या मानाने उबदार राहते. उबदार हवेत आवाज अधिक वेगाने धावतो, त्यामुळे वर निघालेला आवाज वळून पुन्हा जमिनीकडे येतो आणि एरवी पोहोचला नसता तेथे पोहोचतो. हे कारण मला पाठ आहे. तरीही अंथरुणात पडल्या पडल्या ती शिटी ऐकताना मला ते कधी आठवत नाही. आठवतात ते आजोबा.

आजोबा विजा मोजत. पावसाळ्याच्या सुरुवातीच्या रात्री दिवे गेलेले असत, आम्ही दोघे व्हरांड्याच्या पायरीवर बसलेलो असू, आणि वीज चमकली रे चमकली की ते मोजायला लागत. प्रकाश लागलीच येतो, आवाजाला मात्र एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद लागतात. तेव्हा जितके आकडे होतील त्यांना तीनाने भागायचे, की वीज किती लांब कोसळली ते कळते. हिशेब सोपा होता, पण आमचे मोजणे जुळत नसे. आजोबा एका आकड्यावरून दुसऱ्यावर जाताना मध्ये श्वास घेत, आणि मी भीतीने भराभर मोजत असे. गडगडाट झाला की ते म्हणत, "सहा. म्हणजे दोन किलोमीटर." मी म्हणे, "पंधरा! पाच!" एकाच विजेची आम्हा दोघांची दोन अंतरे होत आणि कोणीही माघार घेत नसे. घरात घड्याळ होते, ते आणून निकाल लावावा, असे आम्हाला एकदाही सुचले नाही. आता विचार करतो तेव्हा वाटते, त्यांना ते सुचले असणार. माझ्या पाच किलोमीटरांत मी अधिक सुरक्षित आहे, हे त्यांना कळत असावे. किंवा नसेलही; त्यांना घड्याळ आणायला उठण्याचा कंटाळा असेल. कंटाळा त्यांचा प्रसिद्ध होता आणि तो वारसाहक्काने मला मिळाला आहे.

तर मूळ मुद्दा सायकलचा. दुपारी पेन्सिल खाली ठेवल्यावर जो विचार मनात आला, तो थोडा अस्वस्थ करणारा होता. मी पोस्टमनला, मास्तरांना, त्यांच्या मुलाला न पाहता ओळखतो. मग हे सगळे मला कशावरून ओळखत असतील? माणसाला स्वतःचा चेहरा आरशात तरी दिसतो, स्वतःचा आवाज कुठे पाहायचा? चालताना माझी चप्पल वाजते का? मी खोकतो का? दोन दिवस मी स्वतःवर कान ठेवून वावरलो आणि काहीही हाती लागले नाही, उलट चालणेच अवघडल्यासारखे झाले. शेवटी कुंपणापाशी जाऊन, खालच्या पट्टीत, आजींनाच विचारले.

त्यांना विचारही करावा लागला नाही. "तुझं कुलूप," त्या म्हणाल्या. "लावतोस, दोनदा ओढून बघतोस, चार पावलं जातोस, परत येतोस आणि पुन्हा एकदा ओढतोस. मग मी समजते, हा आता बाहेर पडला."

मी आतून पार उघडा पडलो. हे शहरातले कुलूप होते. तेथे मी अकरा वर्षे एका इमारतीत राहिलो आणि रोज सकाळी जिन्याच्या वळणावरून परत येऊन कुलूप ओढून पाहत असे. येथे दार नुसते लोटून गेले तरी चालते, सगळे तसेच जातात. माझे मात्र हाताचे वळण सुटलेले नाही. आणि माझ्या मनातली ही खासगी धास्ती सहा वर्षे रोज रस्त्यावर जाहीर वाचून दाखवली जात होती.

त्यानंतरच्या सोमवारी मी ठरवून कुलूप ओढले नाही. लावले, किल्ली खिशात टाकली आणि सरळ चालू लागलो. कोपऱ्यापर्यंत हात शिवशिवत होते, पण मागे वळलो नाही. संध्याकाळी परत आलो तेव्हा आजी माझ्या पायरीवर बसल्या होत्या. "बरं आहे ना तुला?" त्यांनी विचारले. "सकाळपासून तू बाहेर पडलाच नाहीस. दोनदा हाक मारली, दाराला कुलूप. म्हटलं, हा गेला कधी?" मी खरे कारण सांगितले. त्या हसल्या नाहीत. गुडघ्यावर हात टेकवून उठल्या आणि "असलं काही करत जाऊ नकोस," एवढेच बोलून घरी गेल्या.

बर्लिनचा समाजशास्त्रज्ञ गेओर्ग झिमेल याने 1903 साली महानगरी मनाविषयी लिहिताना म्हटले आहे, की लहान गावात भेटणारा जवळजवळ प्रत्येक माणूस ओळखीचा असतो, पण शहरात भेटणाऱ्या प्रत्येकाला जर कोणी मनातून प्रतिसाद देऊ लागला तर त्याचे तुकडे तुकडे होतील. म्हणून शहरी माणूस स्वतःभोवती एक अंतर राखतो, आणि त्या अंतरापायी वर्षानुवर्षांचे शेजारीसुद्धा त्याला चेहऱ्याने माहीत नसतात. हे वाचले तेव्हा मी शहरात होतो आणि ते मला अतिशय पटले होते. नुसते पटले नव्हते, त्यामुळे बरे वाटले होते. आपला कोरडेपणा हा आपला दोष नसून शहराची गरज आहे, असे एका विद्वानाच्या शब्दांवरून मी स्वतःला समजावून घेतले होते.

त्या इमारतीत माझ्या झोपायच्या खोलीच्या भिंतीपलीकडे कोणीतरी राहत असे. त्या माणसाचा मला एकच आवाज माहीत होता: रात्री अकराच्या सुमारास फरशीवरून खुर्ची ओढल्याचा, दोन झटक्यांत, पहिला लांब आणि दुसरा आखूड. बाई की पुरुष, म्हातारे की तरुण, ते कळले नाही आणि कळावे असे वाटलेही नाही. सुरुवातीला त्या आवाजाचा मला राग येत असे, नंतर सवय झाली. सोमवारी रात्री अंथरुणावर पडलो तेव्हा मी तो आवाज आठवण्याचा प्रयत्न करत होतो. झटके आठवले. पण मी ती जागा सोडली त्या शेवटच्या वर्षात खुर्ची ओढली जात होती की नव्हती, हे मला कितीही आठवले तरी सांगता येईना.