प्लेटलेटच्या पोटातलं, प्लेटलेटच्याच अंगावर

परभणीत सध्या डेंग्यूचा सीझन चालूय, लॅबमध्ये येणारा हरेक माणूस एकच विचारायलाय, "दादा, पेशी किती?" पेशी म्हणजे प्लेटलेट, बाकीच्या पेशींचं कुणाला काही पडलेलं नाही. आकडा दीड लाखाच्या खाली गेला की घरचे पपईची पानं शोधायला पळतात. बरं, आकडा कळाला, पण ही पेशी करते काय ते कुणी विचारत नाही, म्हणून आज इथंच लिहून ठेवायलो.

प्लेटलेट म्हणजे दोन-तीन मायक्रॉनचा तुकडा, केंद्रक नाही, आयुष्य ७ ते १० दिवस. पण पोटात ५०-८० बारक्या पिशव्या, अल्फा ग्रॅन्युल म्हणतात त्यांना, आणि त्यात फायब्रिनोजेन, थ्रॉम्बोस्पॉन्डिन, फॅक्टर फाइव्ह असा रक्त थांबवायच्या कामाच्या प्रोटीनांचा बराच माल. जखम झाली, थ्रॉम्बिन (रक्त गोठवणारं एन्झाइम) लागलं की पिशव्या बाहेरच्या पडद्याला जाऊन मिळतात आणि माल बाहेर पडतो. आता रक्त तर वाहतंय, मग हे सगळं वाहूनच जायला पाहिजे ना? तर नाही, त्यातलं बरंचसं त्याच प्लेटलेटच्या अंगावर बसतं. जिनिंगमधून आलेल्या माणसाच्या अंगाला कापूस चिकटतो तसं कुठंही कसंही नाही बरं का, ज्याची त्याची जागा ठरलेली.

फायब्रिनोजेन बसतं जीपी टूबी-थ्रीए नावाच्या रिसेप्टरवर, म्हणजे प्लेटलेटच्या अंगावरच्या पकडायच्या जागेवर. हे एका प्लेटलेटवर ५० ते ८० हजार असतात, एरवी वाकून गप, प्लेटलेट जागी झाली की सरळ उभे. फायब्रिनोजेनची दोन्ही टोकं सारखी, त्यामुळं एक टोक हिला धरतं अन् दुसरं शेजारणीला. गंमत म्हणजे हे फायब्रिनोजेन प्लेटलेटनं बनवलेलं नसतंच, रक्तातूनच आत ओढून साठवलेलं असतं! थ्रॉम्बोस्पॉन्डिन मग त्या फायब्रिनोजेनला आणि सीडी ३६ नावाच्या अंगावरच्याच दुसऱ्या रिसेप्टरला धरून बसतं, जोड पक्का.

या सगळ्याला कॅल्शियम लागतं. आमच्या जांभळ्या टोपीच्या ट्यूबमधलं ईडीटीए कॅल्शियमच बांधून टाकतं म्हणून तर रक्त पातळ राहतं. पण काही लोकांत याचं उलटंच होतं. मागं जिंतूरकडच्या एका आजींचा काउंट मशीन ४० हजार दाखवायली, आजी मात्र ठणठणीत, अंगावर एक डाग नाही. स्लाइड बघितली तर प्लेटलेटचे गुच्छच गुच्छ. ईडीटीएनं त्याच टूबी-थ्रीएचा झाकलेला भाग उघडा पडतो, काहींच्या रक्तातली अँटिबॉडी त्याला धरते, प्लेटलेट एकमेकींना चिकटतात आणि मशीनला त्या दिसतच नाहीत. निळ्या टोपीच्या सायट्रेट ट्यूबमध्ये परत रक्त घेतलं, काउंट नॉर्मल.

याच्या उलट ग्लान्झमनचा आजार, १९१८ साली सांगितलेला. तिथं टूबी-थ्रीएच नसतो नाहीतर बिघडलेला असतो, काउंट एकदम चांगला आणि नाकातून रक्त काही थांबत नाही. धरायला जागाच नाही तर नुसता माल असून काय करायचं.

मला सगळ्यात भारी वाटलं ते सेरोटोनिनचं. आपण ते मूडचं केमिकल म्हणून ऐकतो, पण प्लेटलेट ते रक्तातून शोषून घेऊन साठवते. २००२ च्या आसपास कळालं की कोलॅजेन (जखमेत उघडं पडणारं प्रोटीन) आणि थ्रॉम्बिन दोन्ही लागलेल्या काही प्लेटलेट बाहेर टाकलेल्या प्रोटीनांना हे सेरोटोनिन जोडतात, आणि फायब्रिनोजेन-थ्रॉम्बोस्पॉन्डिनवर सेरोटोनिन धरायच्या जागा असतात, मग ते फॅक्टर फाइव्हसारखे माल अंगावर घट्ट राहतात. डिप्रेशनच्या काही गोळ्यांनी प्लेटलेटमधलं सेरोटोनिन कमी होतं, रक्त थोडं जास्त वाहू शकतं ते त्यामुळं असं म्हणतात. आमच्या फॉर्मवर औषधांच्या रकान्यात फक्त रक्त पातळ करायच्या गोळ्यांचं विचारलंय, सरांना सांगून तिथं एक ओळ वाढवून घ्यायला पाहिजे.