बाबा रोबो नाहीत

"अगं, हे लाल, बुटकं काय आहे?" बाबांनी चष्मा कपाळावर चढवून फोन माझ्यापुढे धरला.

नऊ चौकोनांचा कॅप्चा, म्हणजे समोर माणूसच आहे ना हे वेबसाइट तपासते ती परीक्षा. त्यातले फायर हायड्रंट (आगीच्या बंबाला पाणी देणारा रस्त्यावरचा नळ) निवडा म्हणे. सगळा जन्म पंढरपुरात गेलेल्या माणसाने हे प्रकरण कुठे बघायचं? गॅसचं सिलेंडर समजून त्यांनी दोन चौकोनांवर बोट ठेवलं. चूक. मग झेब्रा क्रॉसिंग आलं, तेही पुसट.

तिसऱ्यांदा नापास झाल्यावर म्हणाले, "आयुष्यभर पोरांचे पेपर तपासले. आता हा माझा तपासतोय."

स्पॅमवाले बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्राम, अडवायला कॅप्चा लागतो, मान्य. २००७ मध्ये रीकॅप्चा हा त्याचाच एक प्रकार आला तेव्हा निदान वाकडीतिकडी अक्षरं असायची. त्यातला एक शब्द जुन्या छापील मजकुरातला, संगणकाला न लागलेला. आपण तो टाइप करायचो आणि नकळत जुनी पुस्तकं डिजिटल व्हायची. (फुकट राबवून घेतलं, पण काम तरी बरं होतं.)

आणि गंमत म्हणजे २०२४ मध्ये झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी ही चौकोनांची परीक्षा शंभर टक्के सोडवणारा प्रोग्राम करून दाखवला. म्हणजे बॉट पास, बाबा नापास.

शेवटी 'मी रोबो नाही' वर बाबांच्या वतीने मीच खूण केली. चालतं ना असं?