कांडी आणि भोंगा

आमच्या कर्करोग डे-केअरच्या नोंदवहीत त्या मंगळवारी गोसेरेलिनच्या, म्हणजे शरीरातली संप्रेरके रोखणाऱ्या इंजेक्शनच्या, दोन नोंदी एकाखाली एक होत्या. पहिली ३.६ मिलिग्रॅमची, एकोणचाळीस वर्षांच्या अक्कांची, आणि दुसरी १०.८ मिलिग्रॅमची, बहात्तर वर्षांच्या अप्पांची. अक्का सोलापूरजवळच्या कुंभारीकडच्या, घरी विड्या वळणाऱ्या. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि केमो आटोपून दर अठ्ठावीस दिवसांनी येणाऱ्या. अप्पा जुने गिरणी कामगार. प्रोस्टेटचा कर्करोग कंबरेच्या हाडांपर्यंत गेलेला आणि हे इंजेक्शन आयुष्यात प्रथमच घेणारे. मे महिना होता, बाहेर पारा त्रेचाळीसला टेकलेला होता आणि विभागातला एक एसी सकाळपासून नुसताच आवाज करत होता.

या औषधाचा एसीशी संबंध आहे, म्हणून तो उल्लेख केला. खोक्यावर पंचवीस अंशांच्या वर ठेवू नये असे स्पष्ट छापलेले असते आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात पंचवीस अंश ही घरातली गोष्ट राहत नाही. दुकानातून आणलेला खोका दुचाकीच्या डिकीत घालून दुपारी चार ठिकाणची कामे उरकत येणारे नातेवाईक मी पाहिलेले आहेत. अक्कांचा मुलगा मात्र शहाणा. तो ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या स्टीलच्या डब्यात खोका घेऊन येतो आणि आल्या आल्या माझ्या हातात देतो.

अक्कांचे इंजेक्शन पाच मिनिटांत झाले. त्यांना आता सगळे पाठ आहे. आडव्या झाल्या की त्या स्वतःच लुगडे सैल करून बेंबीच्या खालची जागा मोकळी करतात आणि मागच्या वेळी उजवीकडे होते तर आज डावीकडे, हेही मला सांगतात. त्यांची तक्रार एकच होती : अंगातून वाफा निघतात, रात्री दोन वेळा पोलके बदलावे लागते, आणि हे सोलापूरचे ऊन की तुमचे इंजेक्शन, ते कळत नाही. औषधामुळे बीजकोशांचे काम थांबते आणि चाळिशीच्या आतच रजोनिवृत्तीची सगळी लक्षणे सुरू होतात, हे त्यांना ठाऊक आहे. तरीही दर वेळी त्या विचारतात आणि दर वेळी मी कॅल्शियमच्या गोळ्या चालू आहेत ना, हे विचारते, कारण या औषधाने हाडे ठिसूळ होतात.

घोटाळा झाला तो यानंतर. शेजारच्या खाटेवर बसलेल्या अप्पांनी अक्कांच्या हातातला रिकामा खोका पाहिला, मग आपल्या मुलाच्या हातातला पाहिला. नाव तेच, रंगसंगती तशीच, फक्त आकडा वेगळा. चष्मा नाकावर चढवून त्यांनी दोन्ही खोके शेजारी शेजारी धरले आणि शांतपणे म्हणाले, "सिस्टर, हे तर बायकांचं औषध हाय. मला नको."

मुलगा ओशाळला. "अप्पा, डॉक्टरांनी लिहिलंय," वगैरे त्याने सुरू केले. पण अप्पांचे म्हणणे पक्के होते. आधी डॉक्टरांनी दोन पर्याय सांगितले होते : एक म्हणजे दोन्ही वृषणे काढून टाकण्याची एकदाच करायची छोटी शस्त्रक्रिया, आणि दुसरा म्हणजे दर बारा आठवड्यांनी इंजेक्शन. शस्त्रक्रियेला त्यांनी हात जोडले होते. आता इंजेक्शनही बायकांचे निघाले, म्हणजे आपल्याला आडवाटेने तेच करताहेत, असा त्यांचा समज झाला. खरे सांगायचे तर तो समज पूर्णपणे चुकीचा नव्हता. पुरुषी संप्रेरक काढून घेतले की प्रोस्टेटचा कर्करोग मागे हटतो, हे चार्ल्स हगिन्स या शल्यविशारदांनी १९४१ मध्ये दाखवून दिले आणि त्याबद्दल त्यांना १९६६ मध्ये नोबेल मिळाले. त्या काळी त्यासाठी सुरीच चालवावी लागत असे. इंजेक्शन तेच काम सुरीशिवाय करते. पण हे असे तोंडावर सांगितले असते तर अप्पा उठून थेट रिक्षाच पकडते.

मी स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसले. कोणत्या गिरणीत होता, असे विचारले. त्यांनी सांगितले, आणि बोलण्याच्या ओघात भोंग्याचा विषय निघाला. सोलापुरात ज्यांचे बालपण गिरण्यांच्या काळात गेले, त्यांना भोंगा वेगळा समजावून सांगावा लागत नाही. माझे वडील भोंग्यावर घड्याळ लावत. मग मी त्यांना म्हटले, की अप्पा, डोक्यात मेंदूच्या तळाशी असाच एक भोंगा असतो. तो दीड-दोन तासांनी थोडा थोडा वाजतो. तो ऐकून खालची एक ग्रंथी माणसे कामावर धाडते, आणि मग बाईच्या शरीरात बीजकोश आणि पुरुषाच्या शरीरात वृषणे आपापला माल काढतात. भोंगा दोघांचा एकच, गिरण्या वेगवेगळ्या. तुमच्या गाठीला वृषणांचा माल लागतो, अक्कांच्या गाठीला बीजकोशांचा. म्हणून औषध एकच.

"आणि हे औषध भोंगा बंद करतं?" त्यांनी विचारले.

"नाही, अप्पा. उलट. हे औषध भोंगा सारखा वाजवत ठेवतं. दिवसरात्र, न थांबता."

ते हसले. "मग कोण जाईल कामावर? पहिले दोन दिवस धावतील, मग झोपा काढतील."

मला याहून चांगले सांगता आले नसते. पहिले काही दिवस संप्रेरक खरोखरच वाढते. हाडांत गाठी असलेल्या माणसाला त्या वाढीने दुखणे उसळू शकते, मणक्यात असल्या तर पाय लुळे पडण्यापर्यंत वेळ येऊ शकते. म्हणूनच अप्पांना आठवडाभर आधीपासून बायकॅल्युटामाइडची रोज एक गोळी चालू केलेली होती, जेणेकरून माल वाढला तरी गाठीपर्यंत पोहोचू नये. साधारण तीन आठवड्यांत गिरणी बंद पडते आणि इंजेक्शन चालू आहे तोवर बंदच राहते. हा खरा भोंगा मेंदूत असतो आणि त्याची रासायनिक रचना कशी आहे, हे शोधण्यासाठी शॅली या शास्त्रज्ञांनी हजारो डुकरांच्या मेंदूतले तुकडे जमवले होते. त्यांचे प्रतिस्पर्धी गियमां यांनी मेंढ्यांचे. दोघांनाही १९७७ चे नोबेल मिळाले. अप्पांना मी डुकरांचे सांगितले नाही.

खोका उघडून मी पिचकारी प्रकाशात धरली, कारण तिच्यावरच्या छोट्या खिडकीतून आतला तुकडा दिसतो की नाही, ते पाहायचे असते. पांढरट, तांदळाच्या दाण्यापेक्षा लांब. अप्पांनी मान पुढे केली. "ही तर कांडी," ते म्हणाले. मागावर धोट्यात कांडी घालतात, तिच्यावरचा धागा सुटत सुटत संपतो, मग दुसरी घालावी लागते. त्यांची आई आयुष्यभर घरी कांड्या भरायची. मी म्हटले, अगदी तशीच. औषध दुधातल्या आम्लासारख्या एका पदार्थाच्या जाळ्यात मिसळलेले असते. जाळे शरीरात हळूहळू विरघळते, औषध थोडे थोडे सुटते, आणि शेवटी काढून टाकायला काहीच उरत नाही. अक्कांची कांडी अठ्ठावीस दिवसांची, तुमची बारा आठवड्यांची.

या सगळ्यात पाऊण तास गेला होता. बाहेर चार जण ताटकळत होते आणि अप्पा आता तयार होते. मी बायकॅल्युटामाइडचे विचारले, साखरेचे विचारले, जागा बधिर करणाऱ्या लिग्नोकेनची ॲलर्जी विचारली. एक प्रश्न मी रोज विचारते, तो त्या दिवशी विचारला नाही : रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे का? फायलीच्या दुसऱ्या पानावर डॉक्टरांच्या अक्षरात 'अँजिओप्लास्टी, मागील वर्ष' असे लिहिलेले होते. ते पान मी उलटले होते, वाचले नव्हते.

बारा आठवड्यांच्या कांडीची सुई १४ गेजची असते, महिन्याच्या कांडीची १६ गेजची. आकडा जितका लहान, तितकी सुई जाड. ज्यांनी ती पाहिलेली नाही त्यांनी साध्या इंजेक्शनची कल्पना करू नये. अप्पा अंगाने वाळलेले होते, पोटावर चिमटीत धरायला जेमतेम कातडी. बेंबीच्या खाली, तिरक्या कोनात, स्नायूत न घुसता फक्त चरबीच्या थरात सुई सरकवायची असते, कारण त्या स्नायूच्या मागून एक मोठी धमनी वर जाते. मी जागा बधिर केली, सुई घातली, दट्ट्या शेवटपर्यंत दाबला, संरक्षक नळी पुढे आली, सुई बाहेर काढली. पिचकारीत रक्त दिसले नाही. चिकटपट्टी लावली आणि पुढच्या रुग्णाकडे वळले.

वीस-पंचवीस मिनिटांनी हाक आली ती अक्कांची. रिक्षा यायची होती म्हणून त्या थांबलेल्या होत्या. "सिस्टर, आजोबा पांढरे पडलेत, बघा."

अप्पा खाटेवर टेकून बसलेले होते, कपाळावर घाम, आणि सदरा वर केला तर चिकटपट्टीखाली मोठ्या लिंबाएवढी घट्ट सूज. नाडी ११२, रक्तदाब ९०-६०. मी त्यांना आडवे केले, पाय उंच केले, एका हाताने गॉझचा गठ्ठा ठेवून जोर देऊन दाबले आणि दुसऱ्या हाताने घंटी वाजवली. मुलाला विचारले, "काही गोळ्या चालू आहेत का, हृदयाच्या?" तो म्हणाला, "त्या तर दोन आहेत, ॲस्पिरिन आणि अजून एक. पण त्या हार्टच्या आहेत ना, कॅन्सरच्या फायलीत कशाला लावायच्या?"

दुसरी गोळी क्लोपिडोग्रेल होती. दोन्ही रक्त पातळ करणाऱ्या. हृदयाच्या धमनीत बसवलेली एक जाळी, म्हणजे स्टेंट, आणि दोन गोळ्या. बारीक अंगाचा माणूस आणि १४ गेजची सुई. मला त्या क्षणी जे वाटले, ते इथे लिहिण्याची गरज नाही.

डॉक्टर आले. सलाईन लागले, रक्त तपासायला गेले, खाटेवरच सोनोग्राफी झाली. पोटाच्या स्नायूच्या आवरणात रक्त साठलेले होते, साधारण सहा सेंटिमीटरचे. रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या रंगीत डॉप्लरमध्ये चालू रक्तस्राव दिसत नव्हता. पोटाच्या आतल्या पोकळीत काही नव्हते. दरम्यान एक कनिष्ठ डॉक्टर म्हणाला, की दोन्ही गोळ्या लगेच बंद करू या, आणि वरिष्ठांनी त्याला थांबवले : स्टेंट नवीन आहे, हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय एकही गोळी थांबवायची नाही, नाहीतर पोटातले रक्त सांभाळताना छातीतले गोठेल. फोन झाला, ठरले, आणि अप्पांना रात्रभर ठेवून घेतले. हिमोग्लोबिन सकाळी ११.८ होते, संध्याकाळी १०.२, दुसऱ्या दिवशी १०.१. ते स्थिर राहिले तेव्हाच मी घरी गेले.

दुपारभर मी दर पंधरा मिनिटांनी सुजेच्या कडेवर पेनाने रेघ मारत होते, ती रेघेबाहेर सरकते का हे पाहण्यासाठी. अप्पांनी विचारले, "कांडी आत हाय का अजून?" मी म्हटले, आहे, सोनोग्राफीत दिसली. ते म्हणाले, "मग चालू दे तिला."

मुलाला आणि अप्पांना मी स्वतः सांगितले, की तुमच्या फायलीत लिहिलेले होते, मी वाचले नाही, चूक माझी. मुलगा काही बोलला नाही. घटनेची लेखी नोंद मी त्याच संध्याकाळी दिली, त्यात 'रुग्णाने माहिती दिली नाही' असे वाक्य घालण्याची सूचना एका वरिष्ठाने केली, ती मी मानली नाही. रुग्णाला कुणी विचारलेच नव्हते. आता आमच्याकडे गोसेरेलिनच्या प्रत्येक नोंदीसमोर एक वेगळा रकाना आहे आणि तो भरल्याशिवाय फार्मसी खोका देत नाही. रकाना भरायलाही माणूसच लागतो, हे मला ठाऊक आहे.

ऑगस्टमध्ये अप्पा पुन्हा आले. पोटावरचा काळानिळा डाग पिवळा पडून केव्हाच गेलेला होता. टेस्टोस्टेरॉन, म्हणजे ते पुरुषी संप्रेरक, अपेक्षित पातळीच्या खाली आलेले होते, कंबरेचे दुखणे बरेच कमी होते, आणि प्रोस्टेटच्या कर्करोगाचा अंदाज देणाऱ्या पीएसए या रक्ततपासणीचा आकडा शंभरावरून नऊवर उतरलेला होता. डॉक्टरांनी हृदयरोगतज्ज्ञांशी आधीच बोलून ठेवले होते आणि या वेळी ते स्वतः शेजारी उभे राहणार होते. मी काही विचारण्यापूर्वीच अप्पांनी सदऱ्याच्या खिशातून गोळ्यांच्या दोन्ही पट्ट्या काढून ट्रेमध्ये, खोक्याशेजारी ठेवल्या.

"वाच," ते म्हणाले.

मी दोन्ही नावे मोठ्याने वाचली. मग डावी बाजू निवडली, कातडी चिमटीत धरली, सुई जवळजवळ आडवी ठेवली. बाहेर काढल्यावर भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत पूर्ण दहा मिनिटे दाबून धरले. अप्पा तेवढा वेळ रात्रपाळीत मागावर डुलकी लागलेल्या एका जोडीदाराची गोष्ट सांगत होते. अंगातून वाफा येतात, रात्री पंखा पुरत नाही, हे त्यांनी मधेच सांगितले आणि तशाच वाफा त्या विडीवाल्या बाईलाही येतात का, असे विचारले. येतात म्हटल्यावर त्यांनी मान हलवली आणि गोष्ट पुढे चालू केली. मी आणखी पाच मिनिटे हात काढला नाही.