पावसाळ्यानंतरची चित्रखोली

मुंबईसारख्या दमट शहरात घरातील चित्रखोली आवरायची, तर पाऊस पूर्ण सरल्यावरच. मी हे काम खंडेनवमीच्या आधी काढतो, कारण त्या दिवशी कुंचले आणि पॅलेट पाटावर मांडून त्यांची पूजा करायची असते आणि तोवर खोलीही त्या पूजेला साजेशी व्हावी, असे मला मनापासून वाटते.

सुरुवात कागदांपासून करावी. जलरंगाच्या अनेक उत्तम कागदांना जिलेटिनचा लेप दिलेला असतो आणि त्यामुळेच रंग चटकन शोषला न जाता पृष्ठभागावर खेळतो. दमट हवेत हा लेप जागोजागी निकामी होतो. कोरडा कागद मात्र दिसायला निर्दोषच असतो. म्हणून प्रत्येक गठ्ठ्यातील एका तावावर पातळ रंगाचा हात फिरवून पाहावा आणि जेथे रंग टिपकागदावर पसरावा तसे ठिपके उमटतील, तो गठ्ठा कोळशाच्या कांडीने रेखाटनाचा सराव करण्यासाठी वेगळा काढावा. दोन चित्रांमध्ये वर्तमानपत्र घालण्याची आपल्याकडील रीत तर सोडायलाच हवी, कारण तो कागद आम्लधर्मी असून स्वतः पिवळा पडता पडता शेजारच्या चित्रालाही डागाळतो.

रंगाच्या सुकलेल्या नळ्यांचा निवाडा सोपा आहे. जलरंगात डिंक असल्याने नळी कापून आतला खडा पाण्याने पुन्हा वापरता येतो. ॲक्रिलिक एकदा सुकले की संपले. जुना अलिझरिन क्रिमसन हा गडद लाल रंग मात्र ओला असला तरी मी ठेवत नाही, कारण उजेडात तो विटतो आणि त्या जागी क्विनाक्रिडोन या रंगद्रव्याचे टिकाऊ लाल रंग सहज मिळतात.

तैलरंग वापरणाऱ्यांनी सर्वाधिक काळजी चिंध्यांची घ्यावी. जवसाचे तेल सुकते ते हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून, आणि या क्रियेत उष्णता निर्माण होते. तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कचऱ्याच्या डब्यात पडून राहिला, तर ती उष्णता आतच साठून ठिणगीशिवायही आग लागू शकते. घरात लहान मुले व वृद्ध माणसे असताना हा धोका कोणीही पत्करू नये. चिंध्या घराबाहेर सुट्या पसरून पूर्ण वाळवाव्यात, नाहीतर पाणी भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवाव्यात.

अडगळ निघाली की टेबल उत्तरेच्या खिडकीशी सरकवावे. मुंबईच्या अक्षांशावर मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत सूर्य भर दुपारीही किंचित उत्तरेकडे असतो, त्यामुळे या खिडकीवर थेट ऊन येऊ शकते. पण त्यातला बराच काळ ढगांचा, आणि एरवी तेथील उजेड दिवसभर बऱ्यापैकी स्थिर राहतो. भिंतीकडे तोंड करून ठेवलेली तैलचित्रेही आता उलटून घ्यावीत. जवसाचे तेल अंधारात पिवळसर होते, आणि काही आठवडे अप्रत्यक्ष उजेडात ठेवल्यास त्या पिवळेपणाचा बराचसा भाग ओसरतो.