शिंपल्यातलं पाणी

कच्चं कालव वाढायचं म्हणजे त्याच्या शिंपल्यातलं चमचाभर खारं पाणी राखायचं. मांस कुठे पळून जात नाही. पाणी मात्र सांडायला टपलेलंच असतं.

कालवाचे दोन शिंपले सारखे नसतात. एक खोलगट, वाटीसारखा. दुसरा सपाट, झाकणासारखा. घरी आणल्यावर वाटी खाली ठेवून परातीत मांडायचं, वर ओलं फडकं टाकायचं आणि १ ते ४ अंश सेल्सियसला फ्रिजमध्ये ठेवायचं. हवाबंद डब्यात नको, जिवंत जीव आहे, गुदमरतो. नळाच्या पाण्यात तर मुळीच नको. गोड्या पाण्यात तो मरतो. म्हणून बर्फावर ठेवलं तरी वितळलेलं पाणी निथळून जायला हवं. तोंड उघडलेल्या कालवाला टिचकी मारून बघायची. मिटलं तर ठीक, नाहीतर बिनधास्त फेकायचं. महाग होतं म्हणून हळहळायची ही जागा नव्हे.

जगण्यासाठी कालव पाणी गाळतं आणि पाण्यातले जंतूही अंगात साठवतं. म्हणून तपासणी होणाऱ्या पाण्यातलंच घ्यावं. व्हिब्रिओसारखे जिवाणू ना दिसतात, ना वासाला येतात, आणि लिंबू, तिखट किंवा दारूने मरत नाहीत. यकृताचा आजार, मधुमेह किंवा कमजोर प्रतिकारशक्ती असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी शिजवूनच खावं.

फोडण्याआधी थंड धारेखाली ताठ ब्रशने घासायचं. सुरी आखूड, जाड आणि बोथट हवी. स्वयंपाकघरातली धारदार सुरी सटकते आणि थेट तळहातात शिरते. टॉवेलची चौपदरी घडी करून त्यात कालव धरायचं, वाटी खालीच. निमुळत्या टोकाला बिजागर असतं. तिथल्या फटीत सुरीचं टोक हलवत हलवत रुतवायचं आणि किल्ली फिरवावी तसं मनगट फिरवायचं. 'टक्' आवाज येईपर्यंत धीर धरायचा. जोर लावला की शिंपल्याचा चुरा आत पडतो. बिजागरच भुसभुशीत निघालं, तर कडेने दुसरी फट शोधायची.

टक् झालं की आधी सुरी पुसायची, बिजागरातला चिखल तिला लागलेला असतो. मग पातं झाकणाला आतून चिकटवून सरकवायचं आणि दोन्ही शिंपले मिटून धरणारा स्नायू कापायचा. बिजागर आपल्याकडे असेल तर तो उजव्या हाताला लागतो. पातं खाली झुकलं की पोट फाटतं आणि पाणी गढूळ होतं. झाकण काढल्यावर कच उचलायची, खालूनही स्नायू सोडवायचा. आणि इथे वास घ्यायचा: समुद्राचा आला पाहिजे, नासका नाही. पहिलं पाणी ओतून टाकणारेही असतात, कारण थोड्या वेळात कालव पुन्हा पाणी सोडतं. पहिलं तसंच ठेवावं, फारच खारट असेल तर गोष्ट वेगळी.

माणशी सहा पुरतात. चुरलेला बर्फ किंवा जाडं मीठ पसरून त्यात शिंपले रोवायचे, म्हणजे कलंडत नाहीत. अर्धी वाटी व्हिनेगरमध्ये दोन मोठे चमचे अगदी बारीक चिरलेला छोटा कांदा आणि भरड मिरी घालून अर्धा तास मुरू द्यायचं. त्यातलं प्रत्येकावर काही थेंबच, नाहीतर इतकी मेहनत व्हिनेगर पिण्यासाठी केली असं होईल. शिंपला ओठाला लावून कालव तोंडात घ्यायचं आणि गिळण्याआधी दोन-तीनदा चावायचं. गोडसरपणा चावल्यावरच कळतो. उरलेलं पाणी शेवटी प्यायचं.